रेघ ओढण्याआधी नकाशा दाखवा

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली



छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना विधानसभेचा मतदारसंघ विचारला की मध्य, पूर्व, पश्चिम अशी तिन्ही उत्तरं येतात. यातला ‘मध्य’ न्या. कुलदीप सिंग परिसीमन आयोगाच्या पुनर्रचनेतून आला. ‘पश्चिम’ अनुसूचित जातींसाठी राखीवही तेव्हाच झाला. २००९ पासून आम्ही त्याच रेघांत मतदान करतो. हिशेब मात्र २००१ च्या जनगणनेचा. तेव्हा महापालिका हद्दीत सुमारे पावणेनऊ लाख माणसं होती, २०११ मध्ये पावणेबारा लाख झाली. सातारा-देवळाई ही उपनगरं तर त्यानंतर हद्दीत आली.

आता २०२७ ची जनगणना. तिच्यानंतर विधानसभेच्या जागा २८८ च राहोत की वाढोत, रेघा पुन्हा ओढायच्याच आहेत.

मागे एकदा महापालिकेच्या प्रभागरचनेचा मसुदा बघायला गेलो होतो. नकाशा झेरॉक्सची झेरॉक्स. नाल्याची रेघ आणि हद्दीची रेघ सारखीच काळी. खाली चतुःसीमा: उत्तरेला नाला, पूर्वेला कुणाच्या तरी घराची मागची भिंत. ती भिंत पाडून तिथे अपार्टमेंट झालं होतं! हरकत दिली, पोच मिळाली. निकाल एका शब्दात: ‘अमान्य’.

प्रभागाचं एकवेळ चालवून घेऊ, विधानसभेचं नाही. २००२ च्या परिसीमन कायद्यानुसार राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून परिसीमन आयोगासोबत बसतात. त्यांना मत नसतं, पण नकाशा आमच्या आधी दिसतो. आणि अंतिम आदेश राजपत्रात आला की कोर्टाचं दार जवळपास बंद. उघड मनमानी असेल तर दखल घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं खरं. पण ती मनमानी सिद्ध करायला आमच्या हातात कागद तर हवेत.

म्हणून जनगणनेच्या प्रगणन गटांची लोकसंख्या नकाशासोबतच मराठीत जाहीर करा. एखादी वस्ती इकडची तिकडे का गेली, ते दोन ओळींत लिहा. हरकत फेटाळलीत तर त्याचं कारणही. सहयोगी सदस्यांनी काय सुचवलं आणि त्यातलं काय घेतलं, तेही आम्हाला वाचू द्या. मराठवाड्याची सुनावणी मुंबईत उरकू नका, इथे या.

त्या दिवशी दुकान बंद ठेवून येईन. तारीख तेवढी पंधरा दिवस आधी कळू द्या.

आपला,
औरंगपुऱ्यातला एक पुस्तकविक्रेता
छत्रपती संभाजीनगर