शेजाऱ्याची नळवाट

आपल्या शेतातून विहिरीचा नळ नेऊ देण्याची विनंती घेऊन शेजारी दारी येतो. आपण भिडेखातर होकार देतो आणि मनात म्हणतो, नको झाले तर उद्या मना करू. बेळगावकडील पुष्कळ कुटुंबांत हीच समजूत आम्हांस आढळते. ती चुकीची आहे. १८८२ च्या इझमेंट कायद्याचे ६० वे कलम पाहावे. परवानगीवर विसंबून शेजाऱ्याने पदरचा खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले, तर ती परवानगी सामान्यतः मागे घेता येत नाही.

मग नकार द्यावा काय? मुळीच नाही. पाण्यासाठी गरारच्या गुराख्यांनी इसहाकाच्या माणसांशी तंटा केला; तसले तंटे आपल्या गावांतही पुरेसे आहेत. (फादरांना मध्यस्थीस बोलावितात, तेही नळ पुरून झाल्यावर!) नळ बांधाच्या कडेने जावा, नांगराचा फाळ लागणार नाही इतका खोल असावा. तो फुटल्यास दुरुस्ती कोणी करावी, उभ्या पिकाची भरपाई कोणी द्यावी, हे चर खणण्यापूर्वीच कागदावर लिहावे. कायमचा हक्क द्यावयाचा असल्यास दस्त रीतसर नोंदवावा. कागद मागितला म्हणून शेजारी घटकाभर रुसेल, तर रुसो. मात्र भाऊबंदांच्या सह्या विसरू नयेत. उताऱ्यावर त्यांचीही नावे असतात.