रोग्याचे कागद रोग्याच्या हाती

उताऱ्यावर नावाची वेलांटी चुकली तरी आपण तलाठ्याकडे चार खेपा घालतो. वाटणीपत्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. पण गेल्या वर्षीचा इस्पितळाचा कागद विचारला, तर बहुतेक घरांत तो कोणाला सापडत नाही. गोळी कोणती चालू आहे? "पांढरी, लहान." जमिनीचा कागद आपला आणि देहाचा कागद डॉक्टरांचा, अशी आपली समजूत झाली आहे. ती सोडावी, असे माझे मत आहे.

अमेरिकेत 2010 साली बोस्टन, पेनसिल्व्हेनिया व सिअ‍ॅटल येथे एक प्रयोग सुरू झाला. 105 डॉक्टरांनी आपली टिपणे संगणकावरून रोग्यांना वाचायला खुली केली. रोगी 13 हजारांहून जास्त होते. रोगी घाबरतील, प्रश्न विचारून बेजार करतील, अशी पुष्कळ डॉक्टरांना धास्ती होती. वर्षाअखेर तसे फारसे काही झाले नाही. उत्तरे देणाऱ्या शंभरांतल्या 99 रोग्यांना ही सोय पुढेही हवी होती. औषधे चालू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण म्हणाले की, आता औषध अधिक नेमाने घेतले जाते. मला हेच मोलाचे वाटते. डॉक्टरांचे सांगणे दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत अर्धे विसरते. घरी निवांत पुन्हा वाचले म्हणजे उमजते.

एप्रिल 2021 पासून तिकडे कायद्यानेच बहुतेक रिपोर्ट विनाविलंब खुले झाले. त्यामुळे गाठीचा रिपोर्ट डॉक्टरांशी बोलणे होण्याआधीच मोबाइलवर वाचण्याची पाळी काहींवर आली. हे दुःख लहान नव्हे. तरीही 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 8 हजारांवर रोग्यांपैकी शंभरात 95 हून अधिक जणांनी रिपोर्ट लगेचच हवा असे सांगितले. मात्र तो उघडताना घरचे कोणी जवळ असावे, एवढे मी म्हणेन.

आपल्याकडे 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात 14 आकडी आभा क्रमांक मिळतो. तो घेण्याची सक्ती नाही. रिपोर्ट जिथे झाला तिथेच राहतो आणि आपण संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतो. दिलेली संमती मागेही घेता येते. योजना चांगली, पण घरात मोबाइल कोणाचा? सुनेचा रिपोर्ट सासऱ्यांच्या नंबरावर येऊ लागला, तर ती बिचारी डॉक्टरांना मन मोकळे करून सांगेल काय? क्रमांक काढताना ज्याचा त्याचा नंबर द्यावा. ओटीपी फोनवर कोणी मागितला तर सांगू नये. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तेव्हा "डॉक्टर, हे मला समजावून सांगा" म्हणायला संकोच कसला?

ज्यांच्याकडे असा मोबाइल नाही त्यांचा हक्क काही कमी होत नाही. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रोग्याचे कागद डॉक्टरांनी 3 वर्षे सांभाळायचे असतात, आणि रोग्याने मागितल्यास 72 तासांत द्यायचे असतात. अर्ज लेखी करावा, तारीख घालावी आणि पोच घेतलेली एक प्रत आपल्याकडे ठेवावी.