गिरणी गेली, हजेरीपट कुठे आहे?

कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रांचा आवाज थांबल्याचे सर्वांना कळते. कचेरीला कुलूप लागले, याची दखल कोणी घेत नाही. परळच्या गिरण्यांत टाइम ऑफिसच्या वह्यांतच कामगाराचे आयुष्य नोंदलेले असे : तिकीट नंबर, खाते, पाळी, कायम की बदली, रजा, फंडाची कपात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या कचेऱ्यांतील हे कागद बेवारस झाले.

जमीन मात्र बेवारस झाली नाही. २००५ साली लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. गिरण्यांच्या जमिनीतील सार्वजनिक वाटा आकसवणारी २००१ ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी वैध ठरवली. जमिनीच्या इंचाइंचाचा हिशेब सापडला. कामगाराला घर देण्याची वेळ आली, तेव्हा मात्र १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण कामावर होतो, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर किंवा त्याच्या वारसांवर पडला. २८ जून २०१२ च्या म्हाडाच्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५. अर्जदार सुमारे दीड लाख. मुख्य पुरावा मालकाच्या कुलपात आणि तो सादर करण्याची सक्ती कामगारावर, हा कुठला न्याय?

मालक गेला म्हणजे मागे उरलेल्या गोष्टींना वाली नसतो, हे खरे नाही. विदेशी भांडवलावर मर्यादा घालणारा १९७३ चा कायदा न मानता आयबीएम ही संगणक कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली. तिची यंत्रे देशभरच्या कचेऱ्यांत होती. ती बंद पडू नयेत, म्हणून त्यांच्या देखभालीचे काम १९७५ साली स्थापन झालेल्या सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने अंगावर घेतले. यंत्रांसाठी जी तत्परता दाखवता आली, ती माणसांच्या नोंदींसाठी का दाखवता आली नाही?

काही करण्याची वेळ अजून गेलेली नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या चालू गिरण्या, त्यांत परळची टाटा मिलही, मार्च २०२० मध्ये थांबल्या. त्यांचे हजेरीपट व पगारपत्रके सरकारने ताब्यात घ्यावीत, संगणकावर चढवावीत आणि कामगाराला विनामूल्य पाहू द्यावीत. काळाचौकीच्या नियोजित वस्त्रोद्योग संग्रहालयात मागाशेजारी हजेरीपटालाही जागा हवी.

हा प्रश्न केवळ म्हाताऱ्या गिरणी कामगारांचा नाही. गिरण्यांच्या त्याच जमिनीवरील मनोऱ्यांत आज तरुण मुले संगणकासमोर बसून राबतात. त्यांच्या कामाची नोंद वहीतही नसते. ती मालकाच्या संगणकात असते. उद्या ती कंपनी बुडाली, तर फोडायला कुलूपसुद्धा सापडणार नाही. म्हणून कंपनी बंद होण्यापूर्वी कामगारांच्या नोंदी सरकारी दप्तरी जमा झाल्याच पाहिजेत, असा कायदा हवा. कार्यकर्त्यांनी ही मागणी चाळीचाळीतून आणि मनोऱ्यांच्या दारांतूनही लावून धरावी.