बी-12ची लाल सुई आणि मनाचे आजार

बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि मनाचे आजार यांचा संबंध आहे. पण बारामती-इंदापूरकडे तो सांगितला जातो तितका सरळ नाही. एक पक्ष म्हणतो, मनाचा आणि खाण्याचा काय संबंध? दुसरा म्हणतो, उदासी, चिडचिड, विसराळूपणा हे सगळे ‘बी-ट्वेल्व्ह’चेच, लाल सुयांचा कोर्स केला की माणूस ताळ्यावर येतो.

पहिला पक्ष टिकत नाही. मज्जातंतूंवरचे आवरण राखायला बी-12 लागते, आणि ते दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते; त्या वाटेवरच्या माळकरी घरांत अंडे-मटण वर्ज्य, उरते दूध. तेही धार काढली की कॅनमधून डेअरीवर जाते, घरात चहापुरते राहते. मोठ्या माणसाची रोजची गरज सुमारे 2.2 मायक्रोग्रॅम, पेलाभर दुधात जेमतेम एक. कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, स्मरण ढासळते, क्वचित भ्रमही होतात. ‘हिमोग्लोबिन चांगले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. 1988च्या एका अमेरिकी अभ्यासात बी-12अभावी मेंदू-मज्जांचा त्रास झालेल्या 141 रुग्णांपैकी 40 जणांच्या रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत ना पंडुरोग होता, ना तांबड्या पेशी फुगलेल्या.

दुसरा पक्ष चिवट, कारण तो अर्धा खरा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण व शहरी मिळून 441 पुरुष तपासले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 67 टक्क्यांचे बी-12 कमी होते. हा आकडा या पक्षाच्याच अंगावर येतो. तिघांतल्या दोघांत जे कमी, ते मनोरुग्णाच्या रिपोर्टातही कमी निघणारच. तेवढ्याने आजाराचे मूळ सापडले असे होत नाही. शिवाय उदास माणूस जेवत नाही, घराबाहेर पडत नाही. तेव्हा कमतरता हा आजाराचा परिणामही असू शकतो. नैराश्याशी असेच जोडल्या जाणाऱ्या ‘डी’ जीवनसत्त्वाबाबत हे पारखून झाले आहे: अमेरिकेत 18,353 प्रौढांवर पाचेक वर्षे चाललेल्या चाचणीत गोळ्यांनी नैराश्य टळले नाही. ऑगस्ट 2020मध्ये हे निष्कर्ष आल्यावर तरी ‘डी’ने नैराश्य टळते हा दावा सोडायला हवा होता.

म्हणून मनोरुग्णाची, विशेषतः माळकरी, वृद्ध किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याची, बी-12 तपासणी करावी आणि कमी निघाल्यास सुई जरूर द्यावी. पण सुई सुरू झाली म्हणून मानसोपचाराच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.