थकवा आणि वीट

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलास भावना दाखविणारीं विशेषणें अवघड वाटत नाहींत. त्यांच्यामागून येणारें शब्दयोगी अव्यय मात्र त्याचा घात करितें. 'मी त्याच्यावर रागावलों' हें मनांत धरून तो 'अँग्री ऑन हिम' लिहितो. इंग्रजीस तेथें 'विथ' हवें. संस्कृत शिकलेल्यांची गत याहून बरी नाहीं. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत पाणिनीनें भयाचें कारण अपादान मानिलें, म्हणून तेथें पंचमी. त्या वळणावर आम्हीं विद्यार्थिदशेंत 'अफ्रेड फ्रॉम' लिहून गुण घालविले. ज्यावर कोप, त्यास तोच पाणिनि चतुर्थी देतो. मराठी तेथें 'वर' योजिते. तात्पर्य, राग एकच, परंतु प्रत्येक भाषा त्याकडे निराळ्या बाजूनें पाहते.

हें ठाऊक असूनहि आंधळगांवीं आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून यादीच घोकून घेतली: 'प्राउड ऑफ', 'ॲशेम्ड ऑफ', 'टायर्ड ऑफ'. त्याचें फळ एका जुन्या विद्यार्थ्यास भोगावें लागलें. घर कोसा विणणाऱ्यांचें, नोकरी परगांवीं, आई अंथरुणास खिळलेली. रजा वाढवून मागतांना त्यानें लिहिलें, 'आय ॲम टायर्ड ऑफ नर्सिंग माय मदर.' रात्री जागून शरीर थकलें, एवढेंच त्यास सांगावयाचें होतें. त्यास 'फ्रॉम' पाहिजे होतें. 'ऑफ'मुळें अर्थ झाला, 'आईच्या शुश्रूषेचा मला वीट आला आहे.' वरिष्ठांनीं तें वाक्य चारचौघांत वाचून दाखविलें. आमच्याकडे आल्यावर तो रजेविषयीं कांहींच बोलला नाहीं; 'गुरुजी, मी असें म्हटलेंच नव्हतें,' एवढेंच पुनःपुन्हा म्हणाला. चूक त्याची नव्हती; यादी आमची होती. दुसरा अर्ज आम्हीं दोघांनीं मिळून लिहिला.

तेव्हांपासून घरांतील नातवंडांस आम्ही जोड्या देत नाहीं, वाक्यें देतों. राग माणसावर असेल तर 'अँग्री विथ', गोष्टीबद्दल असेल तर 'अँग्री अबाउट'. 'सॉरी फॉर हिम' म्हणजे त्याची कींव. 'सॉरी अबाउट इट' म्हणजे घडल्या गोष्टीचा खेद. वाचकांनींहि आपल्या घरीं हाच परिपाठ ठेवावा. मुलानें इंग्रजी वाक्य लिहिलें कीं तें त्याच्याकडून मराठींत मोठ्यानें म्हणवून घ्यावें आणि विचारावें, 'बाळ, तुला हेंच म्हणावयाचें होतें ना?'