दारातली परीक्षा

परदेशात स्थायिक झालेल्या माणसाने तिथले नागरिकत्व मागितले की आधी भाषा येत असल्याचे सिद्ध करावे, ही अट ऐकायला इतकी रास्त वाटते की तिच्याविरुद्ध बोलणारा आडमुठा ठरतो. तो आडमुठेपणा मी पत्करतो. माझे पोट भाषेवरच आहे. हैदराबादेत बसून मी तेलुगूतून मराठीत भाषांतरे करतो. त्याआधी सहा वर्षे इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात स्थलांतरितांच्या संध्याकाळच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होतो. नव्या मुलखाची भाषा शिकू नये, असे मी म्हणेनच कशाला? माझे भांडण आहे ते भाषेचा पुरावा घेतल्यावरच हक्क देण्याशी. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून कायम वास्तव्यासाठी इंग्रजीची पातळी आणखी वर नेण्याचा बेत जाहीर केला. माझ्या ओळखीच्या अनेक सुशिक्षितांनी त्यावर ‘बरोबरच आहे की’ म्हणून मान डोलावली. त्यांच्यासाठी हा लेख.

ही परीक्षा आली कुठून, ते आधी पाहू. १८९७ च्या जानेवारीत गांधी दर्बानला उतरले तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. त्याच वर्षी नाताळ वसाहतीने स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. भारतीयांना अडवायचे होते, पण राणीच्या प्रजेला वंशाच्या नावाने अडवणे लंडनला अवघड जात होते. मग तोड निघाली ती अशी: येणाऱ्याने युरोपातल्या एखाद्या भाषेच्या लिपीत स्वतः अर्ज लिहून दाखवावा. गुजराती, तमिळ, उर्दू लिहिणारा माणूस कायद्याच्या लेखी निरक्षर ठरला, आणि कायद्यात ‘भारतीय’ हा शब्दही आला नाही. ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती इतकी पसंत पडली की त्याच वर्षी लंडनला जमलेल्या इतर वसाहतींच्या पंतप्रधानांना त्यांनी तिची शिफारस केली.

ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये ती उचलली. तिथे पन्नास शब्दांचे श्रुतलेखन ठेवले, तेही युरोपातल्या कोणत्याही भाषेत, आणि भाषा निवडणार अधिकारी. १९३४ मध्ये प्राग शहरचा लेखक आणि बातमीदार एगॉन एर्विन किश फॅसिझमविरुद्ध व्याख्याने द्यायला आला. त्याला उतरू देईनात, तेव्हा त्याने जहाजावरून धक्क्यावर उडी मारून पाय मोडून घेतला. गृहस्थाला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत होत्या. म्हणून त्याची परीक्षा घेतली स्कॉटिश गेलिकमध्ये! तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा ठरत नाही, असे न्यायमूर्तींचे मत पडले. १९०९ नंतर त्या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही, आणि १९५८ पर्यंत ती कायद्यात राहिली. ज्याला नापास करायचे हे आधीच ठरलेले आहे, त्याच्यासाठी भाषा शोधून काढणे, एवढेच त्या परीक्षेचे काम होते.

ते दिवस गेले, असे कोणी म्हणेल. आजचा ब्रिटिश कायदा १९८१ चा आहे. तो नागरिकत्वासाठी इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी एका भाषेचे पुरेसे ज्ञान मागतो. कागदावर हे उदार आहे. व्यवहारात बहुतेकांना ठरावीक केंद्रावर जाऊन, शुल्क भरून, बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यावी लागते. काही देशांच्या नागरिकांना ती माफ आहे. त्या यादीत अमेरिका आहे, ऑस्ट्रेलिया आहे, जमैका आहे, भारत नाही. पुण्यात इंग्रजी साहित्यात एम.ए. करून वीस वर्षे शेक्सपिअर शिकवलेल्या बाईंना आपली पदवी इंग्रजीतूनच झाली, याचे प्रमाणपत्र ब्रिटनमधल्या संस्थेकडून पैसे मोजून आणावे लागते, नाहीतर परीक्षेला बसावे लागते. अमेरिकेचा पासपोर्ट असलेल्याने आयुष्यात पुस्तक उघडले नसले तरी त्याला कोणी विचारत नाही. हा भाषेचा हिशेब असता तर पासपोर्टाचा रंग मध्ये आला नसता.

आणि बाईंचे निभेल. ज्यांचे निभत नाही, त्यांच्यातली एक माझ्या वर्गात होती. मूळची दीवची, साठीला टेकलेली, सँडविचच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी. गुजराती आणि हिंदी तिला उत्तम येत होती. इंग्रजी तिने पट्ट्यावर उभे राहून, दवाखान्यात रांग लावून, नातवाच्या शाळेत जाऊन कमावले होते. क्रियापदे सगळी वर्तमानकाळात, पण ओव्हरटाइमचे तास कापले तेव्हा मुकादमाला तिने त्याच इंग्रजीत जाब विचारला आणि पैसे वसूल केले. परीक्षेत तिला एका विषयाची तयारी करून बोलायचे होते, मग भूतकाळातला एखादा अनुभव सांगायचा होता. ती दोनदा नापास झाली. दुसऱ्या खेपेनंतर मला म्हणाली, “सर, मला कामाचं विचारलं असतं तर तासभर बोलले असते. सणाचं कसलं विचारतात?” पुढे तिने नाद सोडला. नागरिकत्वाच्या अर्जाचेच दीड हजार पौंडांहून जास्त लागतात, परीक्षेचे वेगळे. ती अजून तिथेच राहते, कर भरते, आणि संसदेच्या निवडणुकीत तिला मत नाही.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा घेऊ. भाषा आली नाही तर माणूस एकटा पडतो, फसवला जातो, बायका घरात कोंडल्या जातात. हे खरे आहे. सहा वर्षे मी ते रोज पाहिले. पण मग सरकारने काय करायला हवे? शिकवायला हवे. घोडे पेंड खाते ते इथेच. २०१३ च्या ऑक्टोबरपर्यंत ब्रिटनमध्ये एक चांगली सोय होती: ज्याचे इंग्रजी कच्चे आहे त्याने वर्गाला जावे, एक पायरी वर चढल्याचे दाखवावे, तेवढे पुरे. शिकण्याला किंमत होती. ती सोय काढून सगळ्यांना एकच रेघ आखली. आणि त्याच सुमारास, २०१० ते २०१६ या काळात, इंग्लंडमधल्या अशा वर्गांचे सरकारी अनुदान निम्म्याहून खाली आणले. परीक्षा अवघड करायची आणि शाळा बंद पाडायची, ही ज्याची नीती आहे त्याने स्थलांतरित बायकांच्या एकटेपणाचे उमाळे काढू नयेत.

दुसरी वाट असते हे जर्मनीने दाखवले आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांत तुर्कस्तान, इटली वगैरे देशांतून बोलावून आणलेल्या मजुरांना तेव्हा कोणी जर्मन शिकवले नव्हते. २०२४ मध्ये तिथला नागरिकत्वाचा कायदा बदलला, तेव्हा १९७४ च्या मध्यापूर्वी आलेल्या या पिढीची लेखी परीक्षा माफ झाली. रोजच्या व्यवहारापुरते बोलता आले की झाले. पन्नास वर्षे उशिरा का होईना, चूक कोणाची होती ते एका राज्याने ओळखले.

माझ्या विद्यार्थिनीच्या हातात पोर्तुगालचा पासपोर्ट होता, आणि तो तिला पोर्तुगीजचा एक शब्द न बोलता मिळाला होता. गोवा, दमण, दीव इथे १९६१ च्या डिसेंबरपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या मुलांना लिस्बनच्या दप्तरी जन्माची नोंद करून नागरिकत्व घेता येते. तिथे भाषा कोणी विचारत नाही. त्याच लिस्बनमध्ये वर्षानुवर्षे भांडी घासणाऱ्या नेपाळी माणसाला मात्र पोर्तुगीजची परीक्षा द्यावी लागते. वारशाने आलेल्याला माफी आणि कष्टाने आलेल्याला परीक्षा, असा हा न्याय आहे.

आपल्या घरात काय चालते? १९५५ चा आपला नागरिकत्व कायदा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान मागतो. आज त्या बावीस आहेत. एकाच राष्ट्रभाषेचा हट्ट नाही, याचा मला अभिमान आहे. पण त्या बावीसांत संस्कृत आहे, जी २०११ च्या जनगणनेत पंचवीस हजारांहून कमी लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितली. आणि एक कोटीहून अधिक लोकांची भिली नाही. सर्वसाधारण अर्जदाराला भाषा येत असल्याचे प्रमाणपत्र तिसऱ्या कोणाकडून आणावे लागते. २०२४ च्या नियमांनी मात्र तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी अर्जदाराचे स्वतःचे निवेदन पुरेसे धरले, आणि बोलता किंवा वाचता किंवा लिहिता, यांतले एक आले तरी चालेल असे स्पष्ट केले. धर्म पाहून दार उघडण्यावर माझा आक्षेप आहे. भाषेपुरते ते नियम जितके सैल आहेत तितके सगळ्यांसाठीच असायला हवेत. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते: राज्याला माणूस हवा असला की भाषेला एक सही पुरते.

मराठी वाचकाने इथे आरशात पाहावे. २०१६ मध्ये महाराष्ट्रात रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी येण्याची अट घातली गेली. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. तेव्हा हळहळणारे लोक लंडनच्या परीक्षेबद्दल मात्र तक्रार करतात. हैदराबादेत माझ्या आजोबांना कोणी तेलुगूची परीक्षा विचारली नाही. दुकान चालवता चालवता ते शिकले, आणि मी त्याच भाषेवर जगतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वास्तव्याची वर्षे मोजा, वर्ग फुकट चालवा, कामाच्या वेळेत चालवा, आणि नागरिकत्व त्या वर्गाच्या निकालाला बांधू नका. तेवढे होईपर्यंत, आपल्यातल्या शिक्षकांकडे आणि संस्था चालवणाऱ्यांकडे भाषेचे प्रमाणपत्र मागायला कोणी परका माणूस आला, तर त्याच्या व्याकरणाच्या चुका काढत बसू नये. त्याने आपल्या भाषेत मागितले आणि आपल्याला समजले, एवढ्यावर सही करावी.