रचलेलें गांव मोडण्याचा अधिकार कोणाचा?

संगणकावरील नगररचनेच्या व कारखानदारीच्या खेळांस पोरखेळ म्हणून बाजूस सारणें सोपें आहे. परंतु मुकुटबनच्या एखाद्या घरीं शाळकरी मुलगी सहा महिने खपून रस्ते, नळ व आगगाडीचे मार्ग यांची सांगड घालते, आणि एके सकाळीं खेळाची सुधारलेली आवृत्ति आपोआप येऊन तिचें जतन केलेलें नगर उघडेनासें होतें, तेव्हां नुकसान कशाचें झालें? श्रमाचें आणि विश्वासाचें. आमचें म्हणणें असें कीं, हें नुकसान दैवी नाहीं. बहुतेक वेळां तें निर्मात्यांच्या बेफिकिरीचें फळ आहे.

जतन केलेल्या खेळांत नगराचें चित्र सांठविलेलें नसतें. बहुधा असतात त्या नुसत्या नोंदी : अमुक क्रमांकाची वस्तु, अमुक जागीं, अमुक अवस्थेंत. त्या क्रमांकांचा अर्थ खेळाच्या मूळ प्रणालींत असतो. खतावणी जुनीच ठेवून रोजकीर्द बदलली, म्हणजे खतावणींतील पानांचे आंकडे जसे निरर्थक होतात, तसेंच येथें होतें. त्यांत इतरांनीं रचलेले ‘मॉड’ जोडलेले असले, तर संकट दुप्पट.

कित्येक म्हणतील, सुधारणा व्हावयाची तर जुनें मोडणारच. हा युक्तिवाद अनुभवाला टिकत नाहीं. २०१८ च्या फेब्रुवारींत ‘स्टेलारिस’ या अंतराळसाम्राज्याच्या खेळाची २.० ही आवृत्ति निघाली. आरंभीं निवडावयाच्या प्रवासाच्या तीन रीतींपैकीं दोन तिनें काढून टाकल्या. अर्थात् त्यांवर उभीं असलेलीं साम्राज्यें तींत पुढें चालेनात. तरी जुनी आवृत्ति मागून घेण्याची वाट निर्मात्यांनीं खुली ठेविली. ‘फॅक्टोरिओ’चे निर्माते जुन्या नोंदी नव्या नियमांत उतरविणाऱ्या आज्ञावली खेळाबरोबरच देतात. आणि २०२१ च्या नोव्हेंबरांत ‘माइनक्राफ्ट’नें आपल्या जगाचा तळ चौसष्ट ठोकळे खालीं नेला, तेव्हां जुन्या घरांस धक्का न लावतां त्यांच्याखालीं नवे थर घातले. जें तिघांस साधलें, तें इतरांस अशक्य कसें?

दुसरा आक्षेप असा कीं, खोट्या गांवासाठीं एवढा शोक कशाला? खरें गांवही बदलतच असतें. मुकुटबनासच २०२२ सालीं सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. परंतु सरकारास कोणाची जमीन सक्तीनें घ्यावयाची झाली, तर २०१३ चा भूसंपादन कायदा पूर्वसूचना, मोबदला आणि पुनर्वसन मागतो. कल्पनेंतल्या गांवाची खऱ्या गांवाशीं बरोबरी करण्याचा वेडेपणा आम्ही करीत नाहीं. मात्र दुसऱ्याच्या श्रमास हात लावण्यापूर्वीं त्यास विचारावें, हें तत्त्व वस्तु लहान म्हणून लहान होत नाहीं.

मराठी लेखकांस तर हा धडा जुना आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या टंकांत उतरविलेले कितीतरी लेख, तो टंक नसलेल्या संगणकावर, रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कचरा होऊन उघडतात. युनिकोडनें मात्र एकदां अक्षरास दिलेला संकेतांक पुन्हां न हलविण्याचें व्रत घेतलें आहे. म्हणूनच त्यावर विसंबून ग्रंथ लिहितां येतात. स्थैर्य हें प्रगतीचें शत्रु नव्हे, तिचा पाया आहे.

तेव्हां आमच्या मागण्या तीन. जुन्या नोंदी मोडणारी आवृत्ति निघण्यापूर्वीं स्पष्ट सूचना द्यावी. खेळणाऱ्याच्या संमतीवांचून ती त्याच्या यंत्रावर चढवूं नये. आणि मागील आवृत्ति मागेल त्यास मिळावी. यांत दानधर्म कांहींच नाहीं. ज्यानें रोख पैसे मोजून खेळ घेतला, त्यानें त्यांत घातलेले दिवस निर्मात्यानें विकत घेतलेले नाहींत. ते पुसण्याचा अधिकारही त्यास नाहीं.